डोळ्यासाठी हंडाभर पाणी

पुणे-मुंबई मार्गावरील सोमाटणे फाट्यावरून आत वळले की थोड्याच अंतरावर शिरगाव लागते. पवना नदीच्या खोऱ्यातील हे मावळ तालुक्यातील गाव. साईबाबांच्या मंदिरामुळे 'प्रति शिर्डी' या नावाने ते आता दूरवर परिचित झाले असून गुरुवारी येथे भाविकांची रीघ लागते. एकेकाळी भाताच्या खाचरांपुरते मर्यादित असलेले येथील जीवन गेल्या काही दशकांत पुष्कळच पालटले आहे. आसपास फुलशेतीची हरितगृहे उभी राहिली आहेत, तळेगावची औद्योगिक वसाहत जवळ आली आहे आणि नव्या इमारतींची बांधकामे सुरू आहेत. गावात पैसा आला, सोयी आल्या. त्यांच्या पाठोपाठ घरात, शेतात व कामाच्या जागी नाना प्रकारची रसायनेही आली.

ही रसायने बहुधा रसायने म्हणून ओळखली जात नाहीत. न्हाणीघराच्या कोनाड्यातील फरशी धुण्याचे ॲसिड, शौचकूप स्वच्छ करण्याची बाटली, तुंबलेल्या मोरीत टाकावयाचा कॉस्टिक सोडा, ट्रॅक्टरच्या बॅटरीतील पाणी, भातावर मारावयाचे तणनाशक, विहिरीत टाकण्याची टीसीएल पावडर आणि तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी, या साऱ्या वस्तू नित्याच्या झाल्या आहेत. नित्याच्या वस्तूंचे भय वाटत नाही. मात्र यांपैकी कोणत्याही वस्तूचा एक थेंब किंवा एक कण डोळ्यात उडाला, तर पुढील काही मिनिटांत जे केले जाईल वा केले जाणार नाही, त्यावर त्या माणसाची आयुष्यभराची दृष्टी अवलंबून राहते.

शरीरावरील बहुतेक इजांच्या बाबतीत 'लवकर डॉक्टरांकडे न्यावे' हा सल्ला योग्यच असतो. डोळ्यात रसायन गेले असता मात्र हा सल्ला अपुरा पडतो. शिरगावातून तळेगावला किंवा पिंपरीला पोहोचावयाचे म्हटले तर वाहन मिळविणे, रस्त्यावरील गर्दी आणि रुग्णालयातील प्रतीक्षा धरून अर्धा-पाऊण तास सहज जातो. तेवढ्या अवधीत रसायनाने आपले काम पुरे केलेले असते. यास्तव पहिला उपचार घराच्या अंगणातच, घरच्याच माणसाने, घरच्याच पाण्याने करावयाचा असतो. डॉक्टरांची पाळी त्यानंतर येते.

अम्ल आणि अल्कली

डोळ्याच्या पुढील भागी, बुबुळावर, काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्यास स्वच्छमंडल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. बाहेरचा प्रकाश या पडद्यातूनच आत जातो आणि म्हणूनच तो नितळ राहणे अगत्याचे असते. त्यावर एक पांढरा डाग पडला तरी धुक्यातून पाहिल्यासारखे जग अंधुक होते.

या पडद्यास इजा करणारी रसायने मुख्यत्वेकरून दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार अम्लांचा. फरशी व शौचकूप धुण्याच्या द्रवातील हायड्रोक्लोरिक अम्ल आणि बॅटरीतील सल्फ्युरिक अम्ल ही त्यांची घरोघरची उदाहरणे. अम्ल डोळ्यास लागले की पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात. दुधात लिंबू पिळले असता जसे होते तसेच काहीसे येथे घडते. हा गोठलेला थर अम्लाला आणखी आत शिरण्यास काही अंशी अडथळा करतो. म्हणून अम्लाची इजा पुष्कळदा वरवर राहते. तीव्र अम्लाची इजा मात्र तीही भयंकर असते.

दुसरा प्रकार अल्कलींचा. चुना, कॉस्टिक सोडा, अमोनिया आणि ओले सिमेंट ही सारी या वर्गातील. अल्कलीपुढे असा अडथळा उभा राहत नाही. तेलात कॉस्टिक सोडा घातला की साबण तयार होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. डोळ्याच्या पेशींच्या आवरणातही स्निग्ध पदार्थ असतात व अल्कली त्यांचीही तीच गत करते. आवरणे विरघळतात, वाट मोकळी होते आणि अल्कली काही मिनिटांच्या आत स्वच्छमंडल ओलांडून डोळ्याच्या आतील पोकळीपर्यंत पोहोचते. अम्लाच्या नावाने लोक दचकतात आणि चुन्याकडे दुर्लक्ष करतात. डोळ्याच्या बाबतीत वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते.

शेतकऱ्यांना मातीपरीक्षणामुळे 'सामू' हा शब्द परिचित आहे. शुद्ध पाण्याचा सामू सात असतो व अश्रूंचा त्याच्या आसपासच, किंचित वर असतो. चुन्याच्या संपृक्त निवळीचा सामू मात्र बाराच्याही वर जातो. सामूच्या मोजपट्टीत एक अंक वाढला म्हणजे अल्कलीचे बळ दहा पटींनी वाढते. म्हणजेच सात ते बारा हे अंतर पाच अंकांचे दिसले तरी प्रत्यक्षात ते लाख पटींचे आहे. ओंजळभर पाण्याने डोळा धुऊन का भागत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे. धुणे भरपूर हवे आणि ते पुष्कळ वेळ चालू राहिले पाहिजे.

चुन्याची पुडी

महाराष्ट्रातील घरात चुना पूर्वापार आहे. पानाच्या तबकात तो असतो, तंबाखू मळणाऱ्याच्या खिशात असतो, दिवाळीपूर्वी भिंतींच्या सफेदीसाठी पिंपात असतो. पूर्वी तो धातूच्या डबीत असे. पुढे तो प्लास्टिकच्या लहान पुड्यांतून व नळ्यांतून मिळू लागला आणि धोक्याचे स्वरूप बदलले. वापरून टाकून दिलेली अर्धी पुडी मुलांच्या हाती लागते. ती दाबली, पायाखाली फोडली किंवा तोंड वर करून पिळली की आतील चुना पिचकारीसारखा उडतो आणि नेमका जवळ वाकलेल्या चेहऱ्यावर येतो. लहान मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या रासायनिक इजांमध्ये चुन्याच्या पुड्या हे एक प्रमुख कारण असल्याचे भारतातील नेत्रतज्ज्ञांनी वारंवार नमूद केले आहे.

चुन्याचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानी घेण्यासारखे आहे. तो पाण्यात फार थोडा विरघळतो. त्यामुळे डोळ्यात गेलेला चुना अश्रूंबरोबर वाहून न जाता दाट लगदा होऊन पापणीखाली चिकटून बसतो, विशेषतः वरच्या पापणीच्या आतील खाचेत. तेथून तो थोडा थोडा विरघळत राहतो आणि डोळा भाजत राहतो. बाहेरून डोळा धुतलेला दिसला तरी आत चुन्याचा साठा शिल्लक असू शकतो. म्हणून चुन्याच्या इजेत पाण्याची धार पापण्यांच्या आत पोहोचणे आवश्यक असते.

कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो, हे पाहिलेल्या माणसाला चुना गेलेल्या डोळ्यात पाणी घालण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. ही भीती समजून घेऊन दूर केली पाहिजे. पुडीतील चुना आधीच विरलेला असतो. त्यात पाण्याने उष्णता निर्माण होत नाही. कळीच्या चुन्याची पूड किंवा सिमेंटची भुकटी उडाली असल्यास चेहऱ्यावरील व पापण्यांवरील कोरडी पूड प्रथम स्वच्छ कोरड्या फडक्याने चटकन झटकावी आणि लगेच धार सुरू करावी. थोडे पाणी उष्णता निर्माण करते; भरपूर वाहते पाणी ती उष्णता व चुना दोन्ही घेऊन जाते.

पहिली वीस मिनिटे

डोळ्यात रसायन उडाल्याचे समजताच पुढीलप्रमाणे वागावे.

१. त्याच क्षणी पाण्याजवळ जावे. नळ, हातपंप, रांजण, हंडा, पिण्याच्या पाण्याची बाटली, जे प्रथम हाती येईल ते वापरावे. पाणी स्वच्छ व साधे असावे, गरम नसावे. स्वच्छ पाणी शोधण्यात मात्र वेळ घालवू नये. शेतात पाटाच्या पाण्याखेरीज काहीच नसेल तर त्याच पाण्याने सुरुवात करावी आणि चांगले पाणी मिळताच ते वापरावे. अस्वच्छ पाण्याने होऊ शकणाऱ्या संसर्गावर नंतर औषध देता येते. जळून गेलेला डोळा पुन्हा पूर्ववत होत नाही.

२. इजा झालेला डोळा खालच्या बाजूस येईल अशा रीतीने मान तिरकी करावी. धार नाकाच्या बाजूने सोडून कानाच्या बाजूने वाहू द्यावी, म्हणजे रसायन दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. दोन्ही डोळ्यांत उडाले असल्यास उताणे निजवून दोन्हींवर आळीपाळीने धार धरावी.

३. पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात. वेदनेमुळे डोळा आपोआप घट्ट मिटतो आणि मिटलेल्या पापणीवर पाणी ओतून काहीही साध्य होत नाही. एकाने पापण्या उघड्या धराव्यात व दुसऱ्याने धार सोडावी. मधून मधून डोळा वर, खाली, उजवीकडे, डावीकडे फिरवावयास सांगावे.

४. धार संथ पण अखंड असावी. तांब्या, झारी किंवा झाकणास भोक पाडलेली बाटली चालते. रबरी नळीचा जोराचा फवारा डोळ्यावर थेट सोडू नये.

५. डोळ्यात भिंग बसविले असल्यास आणि ते सहज निघत असल्यास धुता धुताच काढावे. त्यासाठी धुणे थांबवू नये. चुन्याचे कण वर दिसत असतील तर ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकाने ते हळुवार टिपावेत. बुबुळावर चिकटलेला कण खरवडू नये.

६. घड्याळ लावून किमान वीस मिनिटे धुवावे. चुना, सिमेंट, कॉस्टिक सोडा यांसारख्या अल्कलींसाठी अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक. वेदना कमी झाली म्हणून मध्येच थांबू नये.

७. अंगावरील कपड्यांवर रसायन सांडले असल्यास ते कपडे धुणे चालू असतानाच उतरवावेत. मदत करणाऱ्याने आपले हात आधी धुवावेत.

वीस मिनिटे हा अवधी ऐकावयास लहान वाटतो. मूल रडत असते, आई घाबरलेली असते, शेजारी जमलेले असतात आणि प्रत्येकजण 'आता पुरे, गाडी काढा' असे म्हणत असतो. अशा वेळी दोन मिनिटेही पुष्कळ झाली असे वाटते. घड्याळाकडे पाहण्याचे काम एखाद्या शांत माणसाकडे सोपवावे ते याचसाठी.

पाणी किती लागेल याचाही हिशेब सोपा आहे. कारखान्यांतील डोळे धुण्याच्या उपकरणांसाठी अमेरिकेत प्रचलित असलेल्या मानकात मिनिटास दीड लिटर याप्रमाणे पंधरा मिनिटे पाणी मिळावे अशी अपेक्षा आहे. त्याचा गुणाकार साडेबावीस लिटर होतो. आपल्या मापाने सांगावयाचे तर भरलेला एक मोठा हंडा. ज्या घरात हंडा भरलेला आहे, त्या घरात डोळ्यावरील पहिल्या उपचाराचे साहित्य सिद्ध आहे.

लहान मुलांच्या बाबतीत थोडी युक्ती लागते. मूल हातपाय झाडते, डोळा चोळते. त्यास चादरीत किंवा टॉवेलात हातांसह गुंडाळून खाटेच्या कडेला किंवा मांडीवर निजवावे. एकाने डोके धरावे, एकाने पापण्या उघडाव्यात, एकाने धार धरावी. या वेळी मुलास रागावू नये. पुडी कोणी फोडली याची चौकशी नंतर करता येईल.

हे करू नये

डोळ्याविषयीचे घरगुती उपाय जिव्हाळ्यापोटी केले जातात. त्यामागील भावनेचा अनादर करण्याचे कारण नाही. तथापि रसायनाच्या इजेत त्यांपैकी बहुतेक उपाय घातक ठरतात. मध, तूप, एरंडेल, गुलाबपाणी, कोथिंबिरीचा रस, आईचे दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. यांतील एकाही पदार्थाने रसायन निघून जात नाही. उलट तेलकट पदार्थ पाण्याची वाट अडवितात आणि मोलाची मिनिटे वाया जातात. एखाद्या कामाकडे दक्षतेने पाहावे यासाठी मराठीत 'डोळ्यात तेल घालून' असे म्हणतात. ते रूपक दक्षतेपुरतेच ठेवावे.

शाळेत विज्ञान शिकलेल्या माणसाकडून आणखी एक चूक संभवते. अम्ल व अल्कली परस्परांस उदासीन करतात, हे त्यास ठाऊक असते. म्हणून चुन्यावर लिंबाचा रस किंवा अम्लावर खाण्याचा सोडा घालण्याचा मोह होतो. हा प्रयोग परीक्षानळीत करावा, डोळ्यात कदापि करू नये. त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, प्रमाण साधत नाही आणि एका इजेवर दुसरी इजा होते.

डोळा चोळू नये. त्यावर घट्ट पट्टी बांधू नये, कारण आत उरलेले रसायन व अश्रू कोंडले जातात. घरात पडून असलेली जुनी थेंबांची बाटली वापरू नये आणि औषधाच्या दुकानातून मनाने मलम आणू नये.

झटपट चिकटणारा डिंक डोळ्यात गेला असेल आणि पापण्या चिकटल्या असतील तर त्या ओढून उघडू नयेत. कोमट पाण्याने हळुवार धुऊन रुग्णास डॉक्टरांकडे न्यावे.

रुग्णालयात

पुरेसे धुऊन झाल्यानंतर, डोळा बरा दिसत असला तरी, रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांस दाखविणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका मिळते. वाहनाची व्यवस्था एकाने करावी व तोवर इतरांनी धुणे चालू ठेवावे. वाटेतही बाटलीने धार चालू ठेवता आली तर अधिक चांगले. रसायनाची बाटली, पुडी किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी. केव्हा उडाले आणि किती वेळ धुतले हेही डॉक्टरांस सांगावे.

शिरगावकरांस तळेगाव दाभाडे येथील रुग्णालये, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पुण्याचे ससून सर्वोपचार रुग्णालय ही मोठी ठिकाणे त्या त्या अंतरावर आहेत. नेत्रतज्ज्ञ कोठे व कोणत्या वेळी उपलब्ध असतात, याची माहिती गावाने आधीच करून ठेवावी.

रुग्णालयातही पहिले काम धुण्याचेच असते. कागदी पट्टीने डोळ्याचा सामू तपासला जातो व तो सातच्या आसपास स्थिर होईपर्यंत सलाईनची धार चालू ठेवली जाते. वरची पापणी उलटून आतील चुन्याचे कण काढले जातात. घरी करता न येणारे हे काम फार महत्त्वाचे असते. त्यानंतर संसर्ग टाळणारी, दाह कमी करणारी व बाहुलीस विश्रांती देणारी औषधे दिली जातात.

येथे एक फसवे लक्षण सांगितले पाहिजे. डोळा लालभडक झाला की घरचे घाबरतात आणि पांढरा दिसला की निर्धास्त होतात. तीव्र अल्कलीच्या इजेत याच्या उलट घडू शकते. बुबुळ व डोळ्याचा पांढरा भाग जेथे मिळतात तेथील रक्तवाहिन्या जळाल्या की तो भाग संगमरवरासारखा पांढरा फटक दिसतो आणि मज्जातंतू बधिर झाल्याने वेदनाही कमी असू शकते. असा शांत, पांढरा डोळा अधिक गंभीर असतो.

बुबुळाच्या याच कडेला स्वच्छमंडलाच्या मूळ पेशी वसलेल्या असतात. जुनी पेशी झिजली की तेथूनच नवी येते आणि पडदा नितळ राहतो. ही कड जळून गेली तर पडद्यावर नव्या पेशींऐवजी पांढुरका, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर वाढत जातो. अशा डोळ्यावर नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसविले तरी तेही पुढे गढूळ होण्याचा संभव असतो, कारण त्यास नितळ ठेवणारा झराच आटलेला असतो. या अडचणीवर उपाय शोधताना हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील तज्ज्ञांनी दुसऱ्या निरोगी डोळ्यातील अगदी लहानसा तुकडा घेऊन त्याचे रोपण करण्याची सुलभ पद्धती विकसित केली व ती २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. भारतात विकसित झालेल्या या पद्धतीचा आज इतर देशांतही उपयोग होतो. तरीही अशा शस्त्रक्रिया खर्चिक, दीर्घ आणि अनिश्चित असतात. अंगणातील हंडाभर पाणी जे वाचवू शकते, ते मिळविण्यासाठी पुढे अनेक वर्षे रुग्णालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

शेतात आणि बांधकामावर

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. काहींच्या दृष्टीवरही परिणाम झाल्याचे त्यावेळी दिसून आले. त्या दुर्घटनेने फवारणी करणाऱ्याच्या असुरक्षिततेकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले. कीटकनाशक डोळ्यात गेले असता इजा केवळ डोळ्यापुरती राहत नाही. ते डोळ्यातून व त्वचेतून शरीरातही शोषले जाते. अशा वेळी डोळ्याबरोबर चेहरा व अंगही धुवावे, कपडे बदलावेत आणि घाम, मळमळ, चक्कर, लाळ गळणे, श्वास अडखळणे यांपैकी काहीही जाणवल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल रंग सर्वांत विषारी औषधाचा; त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. औषध कालवताना ते सर्वांत तीव्र असते, म्हणून डोळ्यांस चष्मा कालवतानाच लावावा. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नये. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये किंवा डोळ्यासमोर धरून पाहू नये. हरितगृहात हवा कोंडलेली असल्याने ही काळजी दुप्पट घ्यावी. फवारणीच्या जागी पिण्याच्या पाण्याखेरीज डोळे धुण्यासाठी वेगळा भरलेला कॅन ठेवावा.

बांधकामावरील मजुराच्या डोळ्यात ओले सिमेंट उडते, तेव्हा तो बहुधा बाहीने डोळा पुसतो व कामास लागतो. सिमेंट हे चुन्याच्याच कुळातील आहे आणि त्यातील बारीक खडे डोळा ओरखडतात, हे मुकादमाने जाणून असले पाहिजे.

वनस्पतींपासूनही सावध राहावयास हवे. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ वाहण्याची प्रथा गावोगावी आहे. पाने तोडताना निघणारा चीक डोळ्यात गेल्यास प्रारंभी फारशी वेदना होत नाही आणि काही तासांनी दिसणे अंधुक होते. कुंपणावरील शेराचा चीकही असाच दाहक. दोन्ही वेळी उपाय तोच : पाणी, भरपूर पाणी आणि नंतर डॉक्टर.

ग्रामपंचायत आणि शाळा

गावाच्या पाण्यात टीसीएल पावडर मिसळण्याचे काम जलसुरक्षक करतो. ही पावडर क्लोरीनयुक्त व अल्कधर्मी असते आणि बादलीत कालवताना तिची भुकटी व शिंतोडे उडतात. गावाला शुद्ध पाणी देणाऱ्या या माणसास डोळ्यांचा चष्मा, हातमोजे व नाकतोंडासाठी आच्छादन देणे हे ग्रामपंचायतीचे पहिले कर्तव्य होय. पावडर वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून, रुंद भांड्यात, पाण्यात हळूहळू घालून कालवावी. ती शौचकूप धुण्याच्या ॲसिडजवळ ठेवू नये. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो.

औद्योगिक वसाहतींलगतच्या गावांनी आणखी एका घटनेचे स्मरण ठेवणे उचित ठरेल. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली, तेव्हा हजारो लोक प्रथम जागे झाले ते डोळ्यांच्या असह्य आगीने. डोळे मिटत, ठेचकाळत धावणाऱ्या त्या जमावाला काय करावे हे सांगणारे कोणी नव्हते. कारखान्यात कोणती रसायने आहेत आणि अपघात झाल्यास गावाने काय करावे, हे आधीच ठाऊक असण्याचा नागरिकांचा अधिकार भोपाळनंतर कायद्यातही मान्य झाला. त्या अधिकाराचा उपयोग ग्रामसभेने करून घ्यावा.

शिक्षकांच्या हाती याहूनही सोपे साधन आहे. प्रयोगशाळेत लिटमस कागदाचा धडा शिकविताना चुन्याची निवळी, लिंबाचा रस व साबणाचे पाणी तपासून दाखवितातच. त्याच तासाला आणखी दहा मिनिटे घेऊन, डोळ्यात काही उडाले तर काय करावयाचे, याचे प्रात्यक्षिक साध्या पाण्याने करता येईल. एक विद्यार्थी मान तिरकी करील, दुसरा धार धरील, तिसरा घड्याळ पाहील. मूल जे शाळेत हाताने करते ते घरी विसरत नाही. आणि अपघाताच्या वेळी घरातील सर्वांत शहाणे माणूस कदाचित तेच असेल. फेकलेली चुन्याची पुडी हे खेळणे नव्हे, हेही त्याच तासाला सांगता येईल.

गावाची आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांच्यामार्फत हाच संदेश घरोघर जाऊ शकतो. त्यासाठी निराळा निधी लागत नाही. चुना, ॲसिड, सोडा व औषधे मुलांच्या हाती न लागतील अशा उंच जागी ठेवावीत. ती शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नयेत. पुडी वापरून झाली की घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकावी. आणि पानटपरीपाशी त्यासाठी एक डबा असावा. एवढ्या साध्या गोष्टींनी पुष्कळ अपघात मुळातच टळतील.

देशात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला जात आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, चष्म्यांचे वाटप व नेत्रदानाचा प्रसार या मार्गांनी त्याने अनेकांच्या आयुष्यात प्रकाश आणला. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा परत आणता येते. चुन्याने किंवा कॉस्टिक सोड्याने जाळलेली दृष्टी मात्र पुष्कळदा येत नाही. आणि ती बहुतेक वेळा मुलांची किंवा ऐन उमेदीत राबणाऱ्या माणसांची असते. आठ वर्षांच्या मुलाचा डोळा गेला तर त्यापुढील साठ वर्षे त्यास त्याच एका डोळ्यावर काढावयाची असतात.

शिरगावच्या एखाद्या अंगणात उद्या एखादे मूल डोळा दाबून किंचाळत आले, तर जवळच्या माणसाने प्रथम हंड्याकडे धाव घ्यावी आणि मग दूरध्वनीकडे. एवढा क्रम घराघरांत ठाऊक झाला, तरी अनेक डोळे वाचतील.